ताजेरावांचा शिळा पाव

"बाबा, मला शिळा पाव हवाय," मुलगी म्हणाली आणि ताजेरावांच्या हातातलं भट्टीचं लांब फावडं हवेतच थांबलं.

ताजेराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गिऱ्हाइकांनी ते ठेवलं होतं आणि बेकरीवाल्या ताजेरावांनी ते पदवीसारखं मिरवलं होतं. त्यांच्या दुकानात 'कालचा' हा शब्द काढायची सोय नव्हती. संध्याकाळी उरलेला पाव ते स्वतः गोठ्यावर नेऊन गाईंना घालत. गाईंनाही आता ताज्याची चटक लागली होती.

"शिळा? आपल्या घरात?"

"अहो बाबा, संध्याकाळी माझ्या होणाऱ्या सासूबाई यायच्यात ना पहिल्यांदा जेवायला! त्यांना पावाचं सॅलड फार आवडतं. टोमॅटो, काकडी, कांदा आणि पावाचे तुकडे. मी फोनवर सांगून बसलेय, माझा हात त्यावर चांगला बसलाय म्हणून."

"मग घे की पाव! गरम आहे."

"ताज्याचा लगदा होतो, बाबा. टोमॅटोचं पाणी पिऊन ताठ राहील असा पाव लागतो. परवाचा तरी हवा."

लग्न ठरलेल्या लेकीची अब्रू पणाला लागली होती. ताजेरावांनी चार पाव कापून मंद भट्टीत वाळत घातले. अर्ध्या तासाने बघतात तर तुकडे लोण्याने न्हाऊन मऊ पडलेले.

"हे कुणी केलं?"

"मी," बायको म्हणाली. "भट्टीतून काही बाहेर आलं की माझा ब्रश फिरतोच. इतकी वर्षं तुम्हीच ओरडताय ना, लोणी लावलं का, लोणी लावलं का म्हणून?"

ताजेराव गोठ्याकडे धावले. गाईंनी त्यांना पाहून आनंदाने माना वर केल्या, पण गव्हाणीत एक कण शिल्लक नव्हता. राहता राहिला एकच माणूस. त्याची बेकरी रस्त्याच्या पलीकडे होती आणि ताजेरावांच्या घरात त्याला नुसतं 'समोरचा' म्हणत. समोरच्याचा पाव शिळा असतो, हे गल्लीभर ताजेरावांनीच सांगितलं होतं. आता त्याच तोंडाने तिथे जायचं होतं.

समोरच्याच्या दुकानात चांगली गर्दी होती. ताजेरावांनी आवाज शक्य तितका बारीक केला.

"जरा... परवाचा पाव आहे का?"

"काय?" समोरचा गरजला. "ऐका हो मंडळी! भर दुकानात माझी बदनामी करायला आलाय हा!"

"अरे बाबा, खरंच हवाय. पाया पडतो, लागेल ते घे."

"माझ्याकडे शिळा माल नसतो! हा घे, आत्ता भट्टीतनं काढलाय. फुकट घे, खा आणि शीक!"

वाफाळता पाव हाताला चटके देत होता आणि लोक हसत होते. एवढ्यात बिस्किटं घ्यायला आलेल्या शिलाईवाल्या मावशींनी ताजेरावांची बाही ओढली.

"परवाचा ना? माझ्या घरी आहे. चल."

मावशींच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे ढीग आणि बटणांचे डबे होते. त्यांनी खालचा मोठा डबा उघडला. आत वाळलेले, खणखणीत पाव ओळीने रचलेले होते. ताजेरावांना रडू फुटायचंच बाकी होतं. मग त्यांनी एक पाव उचलून उलटा केला, तळावरचा ओळखीचा ठसा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, हा तर माझा पाव!"

"मग? तुझाच घेते मी. पण ताजा कशाला खाऊ? दाताला चिकटतो मेला. दोन दिवस ठेवला की बघ कसा लागतो! समोरच्याचा ठेवला तर त्याला बुरशी येते. तुझा तेवढा टिकतो."

ताजेराव उभेच राहिले. आयुष्यात इतकी छान तारीफ त्यांच्या वाट्याला आली नव्हती, आणि नेमकी ती शिळ्या पावाची होती. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला.

"पुरे, तुझ्या लेकीला काही राहू दे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी भरून दिली.

संध्याकाळी सॅलडचं भांडं टेबलावर आलं. विहीणबाईंनी पहिला घास घेतला. ताजेरावांनी बायकोचा हात धरला. विहीणबाईंनी ताट पुढे केलं. दुसऱ्यांदा वाढून झालं तेव्हा कुठे त्यांना बोलायला सवड मिळाली.

"सूनबाई, जिंकलंस! माझ्या हातचंही असं होत नाही. पण हा पाव कुठून आणलास?"

लेकीने घाबरून वडिलांकडे पाहिलं. ताजेराव खुर्चीतून उठले, छाती पुढे काढून म्हणाले,

"आमच्याच बेकरीचा. शिळा आहे!"

"अगबाई! मग उद्या आमच्याकडेही दोन पाठवा ना."

"उद्या कसं जमेल, विहीणबाई?" ताजेराव जुन्याच ऐटीत म्हणाले. "आमच्याकडे सगळा माल ताजा. शिळा हवा असेल तर दोन दिवस आधी सांगावं लागतं."