मामांचा फोन पेटीत

"आणि ही पेटी कुणालाच उघडता येत नाही?" मामांनी विचारलं.

"एकदा फोन आत टाकला, की लावलेली वेळ संपेपर्यंत कुणालाच नाही. मलासुद्धा नाही!" जावईबापूंनी छातीठोकपणे सांगितलं.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, म्हणजे मामांच्या भाचीला, ठसका लागला. पेटीच्या पाठीमागे एक बारीकसं भोक होतं. त्यात पिन खुपसली की पेटी मुकाट उघडायची. जगाला फोनपासून सोडवायला निघालेल्या जावईबापूंना स्वतःला फोनवाचून घटकाभर करमत नसे, म्हणून ही चोरवाट.

ही पेटी बनवायला जावईबापूंनी नोकरी सोडल्यापासून दोन वर्षं घर भाचीच्या पगारावर चाललं होतं. मामा नव्या धंद्यांना पहिलं भांडवल देत. अशा माणसांना एंजल म्हणतात म्हणे. बाकीच्या एंजलांनी केव्हाच पाठ फिरवली होती. आज मामाही नाही म्हणाले, तर पेटी माळ्यावर आणि जावईबापू जुन्या नोकरीवर, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

"तू स्वतः वापरतोस?"

"रोज!"

"मग टाक तुझाही आत."

दोन्ही फोन आत गेले. जावईबापूंनी दोन तासांची वेळ लावली. आतला आवाजही बाहेर येत नव्हता. मामांनी सवयीने खिशातली लाकडी दातकोरणी काढली, दात कोरले आणि लगेच चुळबुळ सुरू केली.

"उघड रे जरा. कुणाचा महत्त्वाचा फोन आला असला तर?"

"मामा, उघडत नाही हेच तर..."

"अरे, पैसे मी देणार ना? उघड, आत्ता शब्द देतो."

"पाणी आणतो," म्हणत जावईबापू स्वयंपाकघरात पळाले. मागोमाग भाची.

"तुझी केसातली पिन दे."

"वेड लागलंय का? उघडलीस तर विकणार काय? डबा?"

"आणि नाही उघडली तर? सोमवारपासून पुन्हा साहेबाच्या पुढेपुढे करू?"

त्यांनी पिन स्वतःच ओढून घेतली आणि मूठ मिटून बाहेर आले. मामा पेटी मांडीवर घेऊन अगदी शहाण्या मुलासारखे बसले होते. जावईबापू दारातच थांबले. जिच्यासाठी बायकोला दोन वर्षं राबवलं, ती पेटी आपणच खोटी पाडायला निघालो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"नाही उघडणार, मामा. पैसे नाही दिलेत तरी चालेल."

"बरं, राहू दे," मामा इतक्या चटकन म्हणाले, की जावईबापू बघतच राहिले.

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून तिघं बोलत बसले. मामांनी आपला पहिला कारखाना कसा बुडाला ते साग्रसंगीत सांगितलं. भाची कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. पेटी टकदिशी उघडली, तेव्हा कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

मामांनी चष्मा लावून फोन पाहिला. एकही फोन आलेला नव्हता.

"उगाच जीव टांगणीला लावून बसतो आपण," ते हळूच म्हणाले. "देतो पैसे. फक्त ते मागचं भोक बुजव."

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला. मामा मात्र मागे वळून न बघता लगबगीने जिना उतरले.

"माझी पिन?" भाचीने हात पुढे केला. जावईबापूंनी मूठ उघडली.

पिन केसात खोचून तिने पेटी फिरवली. भोकात मामांची दातकोरणी मोडून घट्ट अडकली होती.

"बुजवायला नको," ती हसू आवरत म्हणाली. "मामांनी तेवढं काम करून ठेवलंय."