पडदाभर डोंगर

लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात एक घातक अंश आहे का, एवढंच शंकासुरांना पाहायचं होतं. प्रयोगशाळेत त्यांना सगळे याच नावाने ओळखत. यंत्र औषधातल्या शेकडो पदार्थांची त्यांच्या वस्तुमानानुसार नोंद करतं. त्यातून एकाच वस्तुमानाचा आलेख वेगळा काढला, की तो पदार्थ आहे की नाही ते कळतं. शंकासुरांनी तो काढला. पडद्यावर डोंगर उभा राहिला.

मागच्या वर्षी त्यांनी असंच एक औषध थांबवलं होतं आणि त्यात काहीच निघालं नव्हतं. पुन्हा असं झालं तर यंत्राला हात लावायचा नाही, कोठारात बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, असं साहेबांनी शांतपणे बजावलं होतं. पण औषध मुलांचं होतं. त्यांनी साहेबांना फोन केला, साहेबांनी कारखान्याला. फाटकाबाहेर पडलेल्या गाड्या माघारी फिरल्या.

मग शंका आली. आधीच्या नमुन्याचं काही यंत्रात राहिलं असेल तर? त्यांनी औषध न घालता नुसतं शुद्ध द्रावक सोडलं. डोंगर तसाच. नळी बदलली, तरी तसाच. शेवटी पेल्यातलं पिण्याचं पाणी सोडून पाहिलं. त्यातही डोंगर. पेला लांब सारून त्यांनी लेकीला फोन केला आणि पाणी पिऊ नकोस म्हणून सांगितलं. लेक बापाच्या वळणावर गेलेली. तिने सगळी इमारत जागी केली.

शेजारच्या टेबलावरच्या ताई मघापासून बघत होत्या.

"काका, डोंगर केवढा आहे?"

"पडदाभर."

"पडदाभर तर तो मुंगीलाही करतो. बाजूचा आकडा वाचा."

आकडा होता चाळीस. पदार्थ खरोखर असला की आकडा लाखांत जातो. नसला, तर संगणक उरलंसुरलं ताणून पडद्याएवढं करतो. शंकासुर दोन तास डोंगर समजून गवताला घाबरत होते.

"संपलं," ते म्हणाले. "चिठ्ठ्या चिकटवायच्या आता."

"थांबा. मुद्दाम तो पदार्थ घालून ठेवलेली बाटली असते ना, तिचा आलेख काढा."

तिथेही चाळीसच. ताईंनी वस्तुमानाचा रकाना पाहिला. गेल्या आठवड्याच्या कामाचा आकडा तिथे तसाच बसला होता.

"काका, तुम्ही तो पदार्थ अजून शोधलेलाच नाही."

त्यांनी बरोबर आकडा घातला. शुद्ध द्रावक सपाट, पाणी सपाट. औषध, दोन लाख.

तेवढ्यात साहेब आत आले. त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला. मग त्यांनी शंकासुरांच्या खांद्यावर हात ठेवला. मागचं मनात ठेवू नका, म्हणाले, आणि कसं ओळखलंत ते उद्या सगळ्यांना समजावून सांगा.

शंकासुरांनी तोंड उघडलं, तोच फोन वाजला.

"बाबा, टाकी रिकामी केली. सगळे खाली तुमची वाट बघत उभे आहेत. कधी येताय?"

"उशीर होईल," शंकासुर म्हणाले. "उद्याची तयारी करायची आहे."