उलट्या पिळाची तार

"आजपन पीठ जाडंच. भाकर हाय का वाळू," येसूबाई स्वतःशीच पुटपुटली. स्वयंपाकघर एवढंसं, की चुलीपुढच्या जानकीबाईला ते कानात सांगितल्यासारखं ऐकू गेलं. तिने भाकरी उलटली. कापडे गावातल्या त्या घरात सासूची ही कुरकुर अठरा वर्षांची होती. एखाद्या दिवशी ऐकू आली नसती तर जानकीबाईलाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

ते साल त्र्याऐंशी. जानकीबाईचा नवरा मुरारी कुर्ल्याला गाड्यांच्या मीटरच्या तारा बनवायच्या कारखान्यात होता. कारखाना बंद झाला, तेव्हा शिमग्याला आला तो परत गेलाच नाही. पडवीत हाताने फिरवायचं छोटं यंत्र मांडून तेच काम करू लागला. इतकी वर्षं शिमग्या-गणपतीला दिसणारा नवरा आता रोज दिसायचा. जानकीबाईच्या हाताला अजून दोघींचाच अंदाज होता; भात रोज मूठभर कमी पडायचा.

मीटरची तार म्हणजे एका सरळ तारेभोवती गच्च गुंडाळलेली दुसरी तार. कशीही वाकते, तरी चाकाकडचं टोक फिरलं की मीटरकडचं फिरतं. टोकाला डाख द्यायचा तर विस्तव आला, आणि विस्तव लागला की तार नरम पडते. म्हणून मुरारी टोकावर पितळी टोपी चढवून ती नुसती दाबून बसवायचा. "आपल्याकडं आगीचं काम नाय," तो ऐटीत सांगायचा. "आग फक्त हिच्या चुलीत."

पोलादपूरच्या श्रीपतने बारा तारा सांगितल्या होत्या. त्याचे तीन टेंपो घाटात चालायचे, आणि ड्रायव्हर कुठे कुठे फिरून येतात हे त्याला मीटरवरूनच कळायचं. "हे काम जमलं तर हितंच," मुरारी म्हणाला होता. "नाय तर गणपती झालं की कुर्ला, दुसरं काम बघाया." त्यानंतर घरात माळ्यावरच्या त्याच्या ट्रंकेकडे कुणी बघायचं नाही.

मुरारी टोप्या आणायला महाडला गेला आणि सावित्री नदीचं पाणी रस्त्यावर आल्याने तिकडेच अडकला. चार तारा तरी होऊ देत म्हणून जानकीबाई यंत्रावर बसली. उजव्या हाताने दांडा फिरवला, तर वेढे विस्कटलेल्या अंबाड्यासारखे पडले. तिने मागे बघितलं. सासू झोपलेली. मग ती यंत्राच्या पलीकडे बसली आणि डाव्या हाताने दांडा धरला. वेढे असे गच्च बसले, जसे लोंबीत दाणे.

डाव्या हाताचं गुपित तिच्या आईने लग्नात पदराआड लपवलं होतं. "उजव्या हातानं पानी दे," एवढंच बजावलं होतं.

मुरारीने दुसऱ्या दिवशी परत येऊन घाईघाईत टोप्या दाबल्या आणि चारही तारा धाडल्या. तिसऱ्या दिवशी श्रीपत तारा घेऊन दारात.

"मुरारी, गाडी म्हाबळेश्वरला जाऊन आली, नि मीटर म्हनतंय घरातनं निघालीच नाय. ड्रायव्हर एवढा खूश मी कधी बघितला नव्हता."

तार तिच्यावरच्या नळीत फुगून अडकली होती. मुरारीने ती उजेडात धरली. पीळ उलटा. गाडी फिरेल तशी आवळायच्या ऐवजी सुटत गेलेली. त्याने क्षणभर जानकीबाईकडे बघितलं आणि तार खाली ठेवली.

"तारच खराब आली असंल," तो म्हणाला.

"मंग ऱ्हाऊ दे. मी पुन्याहून आनतो."

येसूबाईची नजर माळ्याकडे गेली आणि परत आली. जानकीबाईने तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते, "चहा टाकते."

चहा होईतो मुरारी त्या तारांशी खेळत बसला. मग एकीवर त्याने आपल्या सुलट पिळाची बारीक तार चढवली. खालची सुटू बघते तेव्हा वरची आवळते. दोघींनी एकमेकींना धरून ठेवलं. श्रीपतने तार टेंपोला लावली, कापड्याच्या वेशीपर्यंत जाऊन आला.

"काटा कसा सरळ चढतो. बाराच्या बारा असल्याच पायजेत. परवापर्यंत."

मुरारीने उलटा पीळ घालायला घेतला. पहिली तार विस्कटली. दुसरी सुटली ती त्याचा चष्मा घेऊन अंगणात गेली.

"पयल्या चार कुनी केल्या?" श्रीपतने विचारलं.

"यंत्र तवा उलटं बसलं व्हतं," मुरारी अंगणात चष्मा शोधत म्हणाला. बायकोची पत्रं कुर्ल्याला अठरा वर्षं पुसट होऊन यायची, लिहिणारा हात ओल्या शाईवरून गेलेला. "तिकडं पाऊस लई," असं तो खोलीतल्या लोकांना सांगायचा, अगदी मे महिन्यातसुद्धा.

"मंग आता बसव की उलटं."

मुरारी चष्मा शोधतच राहिला. जानकीबाई दारात उभी, डावा हात पदराखाली. बोलावं तर आईचं खोटं उघडं पडतं. न बोलावं तर ट्रंक खाली येते.

"आत्याबाई," तिने सासूकडे वळून सुरुवात केली.

येसूबाई भिंतीला धरून उठली. चहाच्या कपबशा सरकवून तिने यंत्राच्या पलीकडच्या बाजूला पाट मांडला.

"बस गो. अठरा वर्सं जातं उलटं फिरवतेस, पीठ जाडं येतं, मला काय कळत नाय?" मग ती श्रीपतकडे वळली. "माझी सून डावरी हाय."