अंधार सोडणारे नामदेवराव

आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी साडेसात वाजता नामदेवराव अंधार सोडतात. पूर्वी ते गावच्या नळांना पाणी सोडत. वरवट बकालात त्यांनी पस्तीस वर्षं वॉलमन म्हणून काढली. निवृत्त झाले, पण वॉल फिरवायची ती छातीएवढी उंच लोखंडी चावी काही त्यांनी परत केली नाही. कोणी मागितलीही नाही. मागायला कोण जाणार, हा प्रश्न असावा.

आता तीच चावी घेऊन ते दारोदार फिरतात. "मास्तर, तुमचा लाइट आमच्या खिडकीत येऊन राह्यला. काऊन चालू हाय?" त्यांच्या घरासमोरच्या खांबावरच्या दिव्याला त्यांनी स्वहस्ते खताचं पोतं घातलं आहे.

कारण असं. त्यांच्या पत्नी कुसुमताई यांना यकृताचा कर्करोग आहे. अकोल्याला उपचार चालू आहेत. आपणही काहीतरी करावं म्हणून नामदेवरावांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवलं. त्यात लिहिलंय, की अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं. आणि यकृतातली गाठ वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते, त्या कामात ते अडथळा आणत असावं. शाळेत विज्ञान मी शिकवतो, पण गल्लीला हे समजलं ते नामदेवरावांकडून.

"गाठ म्हणजे चोरटं कनेक्शन, मास्तर. पसारा वाढला, पाणी पुरेना, की थे मेन लाइनले परस्पर भोक पाडते. रक्त आपलं, अन् तोटी तिची! हे मेलाटोनिन म्हणजे वॉलमन. डूटी अंधारातच."

कात्रणाच्या शेवटी, हे प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलं आहे, माणसात सिद्ध झालेलं नाही, असंही छापलं होतं. मी ते दाखवलं.

"शेवट वाचाले मले चष्मा लागते," ते म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

अकोल्याच्या डॉक्टरांना त्यांनी पाइपलाइनचा नकाशा काढून दाखवला. डॉक्टर सभ्य असावेत. "त्यांना शांत झोपू द्या, पण उपचार चुकवू नका, आणि आम्हाला विचारल्याशिवाय कसलीही गोळी देऊ नका," असं ते म्हणाले. नामदेवरावांनी गल्लीत येऊन जाहीर केलं, "डाक्टरनं मंजुरी देल्ली."

गल्ली दोन महिने गप्प राहिली. मग शेजारच्या गजाननरावांचा पाय एकाच आठवड्यात दोनदा शेणात पडला आणि नामदेवरावांच्या नावे अर्ज तयार झाला. दिव्यावरचं पोतं काढावं, ही पहिली मागणी. दुसरी तक्रार आवाजाची: अंधार झाला की त्यांच्या घरातून लोखंडावर लोखंड वाजतं. टण्. थोड्या वेळाने पुन्हा टण्. म्हातारा घरात गळती शोधत असावा, असा सर्वांचा अंदाज. अर्जाची भाषा शुद्ध हवी म्हणून तो मी लिहिला, आणि भाषा माझी म्हणून नेऊन देण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

दुपारी गेलो तर नामदेवराव औषधं आणायला गेलेले. कुसुमताई लोखंडी खाटेवर उशीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी अर्ज वाचून दाखवला.

"अंधारानं काही होत नाही, हे मलेही समजते, मास्तर," त्या म्हणाल्या. "अन् मले तर लहानपणापासून अंधाराचं भेव."

"मग सांगा की त्यांना."

"काऊन सांगू? पस्तीस वर्षं हे रातच्याले पाणी सोडाले बाहीर. मी लाइट लावून एकटीच झोपत होती. आता अंधार केला की इथं खाटेजवळ बसतात." त्यांनी एक शेंग उगीचच हातात फिरवली. "म्हणतात, तुले भेव वाटू नाही म्हणून चावी वाजवतो. भेव ह्यायलेच वाटते. घडीघडीनं खाटेच्या पायावर चावी ठोकून पाहतात. मी 'हाव, जागी हाय' म्हटलं, की मंग गप बसतात."

मी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. थोड्या शेंगा सोलून दिल्या. त्यातल्या निम्म्या किडक्या निघाल्या.

साडेसातला नामदेवराव आमच्या दारात आले. लाइट मी आधीच बंद केला होता. हे त्यांना अपेक्षित नसावं. मग त्यांनी चावी उंबऱ्यावर ठोकली.

"मास्तर, हाय का घरात?"

"हाव," मी म्हणालो.