पंधरा वाट्यांची खिचडी

काळे उडीद रात्रभर भिजवले की लवकर शिजतात.

ऋषिकेशची माकडं उघड्यावरचं काहीही सोडत नाहीत.

सरोजिनी डंगवाल अकरा वर्षं आश्रमाच्या नोंदणीच्या टेबलावर बसत होती.

माणसाचा स्वभाव वाटीत मावतो.

हे सगळं एका मंगळवारी सकाळी एकाच कुकरमध्ये जमा झालं.

अकरा वर्षांनी स्वामी निर्लेपानंदांनी सरोजिनीला त्रिगुणांचा वर्ग दिला होता, तोही आठवडाभरासाठी. जमला तर कायमचा, नाहीतर परत टेबल. तिची पद्धत साधी होती. प्रत्येक साधकाला एक वाटी. दिवसभर स्वतःवर लक्ष ठेवायचं. मन शांत, स्वच्छ असेल तर तांदळाचा दाणा, म्हणजे सत्त्व. हाव, धावपळ, चिडचिड झाली तर राजमा, म्हणजे रज. आळस आला, टाळाटाळ केली तर काळा उडीद, म्हणजे तम. टाकलेला दाणा काढायचा नाही. आठव्या दिवशी सकाळी नऊला स्वामीजी वाट्या बघणार होते.

सातव्या संध्याकाळी तिने माकडांच्या भीतीने पंधराही वाट्या कोठीघरात ठेवल्या. चिठ्ठी लिहायचा कंटाळा केला.

सकाळी आठला वाट्या घासून पालथ्या घातलेल्या दिसल्या.

"भंडारीजी, यातलं धान्य?"

"खिचडीत गेलं, दीदी," आचारी गैणासिंग भंडारी आनंदाने म्हणाला. "साधक पंधरा, वाट्या पंधरा. म्हटलं, दीदीने माणशी मोजून काढून ठेवलंय. रात्रीच भिजत घातलं. पण फारच कमी होतं हो, म्हणून मी पदरचे दोन शेर टाकले."

"अहो, तो लोकांचा स्वभाव होता!"

"शिजला मात्र छान."

खिचडी खाऊन साधक हात धूत होते. सरोजिनीने त्यांना गाठलं आणि घाईघाईत जे सांगू नये तेच सांगितलं, "आठवून आठवून पुन्हा भरा. तासाभरात!"

पंधरा जण तांदळाच्या पोत्यावर तुटून पडले.

"माझे बासष्ट पांढरे होते," निवृत्त सुभेदार कंडारी म्हणाले.

"बासष्ट? शवासनात घोरता तुम्ही! माझी चटई हलते," मेरठच्या त्यागीबहनजी कडाडल्या.

"ती समाधी होती!"

"मग समाधीला नाकात तेल घालायला सांगा!"

"ओ, रांगेत या ना!"

"वाटी माझी आहे, सोडा!"

"दुपारच्या भाताचे तांदूळ आहेत हो ते," गैणासिंग पोतं धरून ओरडत होता. राजमा आणि उडीद मात्र कोपऱ्यात अस्पर्श पडून होते.

नऊला स्वामीजी सभागृहात आले. समोर पंधरा शुभ्र शिगा.

"वा," ते म्हणाले. "आठवड्यात पंधरा सिद्धपुरुष. सरोज, हे तर मलाही जमलं नाही."

गप्प राहिली असती तर वर्ग तिचाच होता. हे तिला स्पष्ट दिसत होतं. तरी ती पुढे आली.

"स्वामीजी, खरा आठवडा खिचडीत गेला. हा तासाभराचा खोटेपणा आहे. मीच करवला."

तिने एक रिकामी वाटी घेतली. वर्ग हवाच होता, त्याबद्दल एक राजमा. चिठ्ठीचा कंटाळा केला, त्याबद्दल एक उडीद. टण्, टण्.

मग सुभेदार उठले. मिशी चाचपत त्यांनी शिगेवर राजमा ठेवला. "पोत्याजवळ धक्का मारला मी. बहनजींना."

"मी चिमटा काढला," त्यागीबहनजी पुटपुटल्या आणि दोन राजमे घेतले.

मग रांगच लागली, या खेपेला न सांगता. राजमा संपत आला. कुणीतरी मुठीने घेऊन गेलं.

स्वामीजींनी एकेक वाटी बघितली. "उद्यापासून नोंदणीला दुसरं कुणीतरी शोधा," ते म्हणाले.

सरोजिनीने मान खाली घातली. "बरं. मी सामान बांधते."

"सामान कशाला? इथे वर्ग कोण घेणार, गैणासिंग?"

सुभेदारांनी टाळी वाजवली, मग ती शोभत नाही हे आठवून हात मांडीवर ठेवले. सरोजिनीने डोळे पुसले आणि वाटीत पहिला तांदूळ टाकला.

सकाळच्या खिचडीत आश्रमाला वर्ज्य असलेला लसूण होता, आणि स्वामीजींनी ती दोनदा मागून घेतली होती.