एकोणीसशे सत्त्याऐंशीची बक्षिशी

विजयकरांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी हॉटेलातल्या माणसाची बक्षिशी चुकवलेली नाही, आणि देताना कुणाला दिसूही दिलेली नाही, असं कमलाकांत विजयकर ठासून सांगत. त्यातल्या पहिल्या दोन पिढ्या हॉटेलात गेल्याच नव्हत्या, हे मात्र ते सांगत नसत.

तिसरी पिढी म्हणजे स्वतः कमलाकांत. त्यांची पद्धत ठरलेली होती. नोटेच्या चार घड्या करायच्या, ती बडीशेपेच्या बशीखाली सरकवायची आणि मागं न बघता चालू पडायचं. विमा कंपनीत जन्म काढलेल्या या माणसाच्या आयुष्यात गुप्त म्हणावं असं एवढंच एक कृत्य होतं.

त्या रविवारी दुपारी मात्र ते लोअर परळच्या एका जुन्या मिलमध्ये थाटलेल्या हॉटेलात सहा जणांच्या टेबलाचे यजमान होते. त्यांची मुलगी ऋग्वेदा आणि वरळी कोळीवाड्यातला प्रितम यांनी आपसांत सगळं ठरवून टाकलं होतं. आईबापांनी एकमेकांना बघायचं तेवढं राहिलं होतं. प्रितमचे वडील रघूशेठ यांच्या दोन बोटी होत्या, आणि आई गुणवंतीबाई यांची एक अट होती. ती त्यांनी फोनवरच कमलाकांतांच्या पत्नी शकूताईंना सांगून ठेवली होती.

"जातपात आमी बगत नाय हो. पण पोरीच्या घरी मावरा कळला पायजे. ज्याला मासा कळत नाय, त्याच्याशी आमी जन्मभर बोलायचा तरी काय?"

ही अट ऐकून कमलाकांत मिशीत हसले होते. गिरगावातल्या पाठारे प्रभूला मासा कळतो का, हा काय प्रश्न झाला? कल्ले उचलून बघितल्याशिवाय त्यांनी आजवर पापलेट घरात आणलं नव्हतं. परीक्षा पेपर फुटल्यासारखी सोपी होती.

आणि तिथंच घात झाला. हॉटेल त्यांनी मोबाईलवरचे तारे बघून निवडलं होतं. सुरमई आली, काळ्या पाटीवर, लिंबाच्या फुलासकट. पहिल्याच घासाला कमलाकांतांना कळलं की या सुरमईनं समुद्र सोडून बरेच दिवस झालेत. पण यजमानानं आपणच मागवलेल्या माशाला नावं कशी ठेवायची?

"कसा वाटला मासा?" गुणवंतीबाईंनी विचारलं. त्या बराच वेळ एकच घास चावत होत्या.

"उत्तम!" कमलाकांत म्हणाले.

"खरंच आवडला?"

"फर्स्ट क्लास."

गुणवंतीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. रघूशेठनी पाण्याकडं पाहिलं. शकूताईंनी टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबला. त्यांनाही मासा कळत होता.

जेवण तरीही पार पडलं. बडीशेप आली. कमलाकांतांनी सवयीनं नोट बशीखाली सरकवली आणि जरा सैल होऊन बसले. तेवढ्यात वेटर कार्डाचं मशीन घेऊन आला.

"सर, एक छोटासा ऑप्शन आएगा, वो सिलेक्ट कर लीजिए," असं म्हणून तो मशीन पुढं धरून तिथंच उभा राहिला.

कमलाकांतांनी डोळे बारीक केले. चष्मा घरी होता. त्याच्या दांडीला चिकटपट्टी लावलेली असल्यामुळं, व्याह्यांसमोर तो नको, असं शकूताईंचं म्हणणं पडलं होतं. पडद्यावर ओळीनं काही टक्के दिसत होते.

"हे काय, व्याज आहे का?"

"टिप विचारतंय, पप्पा," ऋग्वेदा कुजबुजली. "दहा टक्के दाबा आणि मोकळे व्हा."

"दाबायलाच पाहिजे असं नसतं हां, काका," प्रितम म्हणाला. "खाली 'नको'चं बटण असतं."

"असं तोंडावर विचारतात?" शकूताई म्हणाल्या. "आणि हा इथं उभा असताना 'नको' कोण दाबणार?"

"म्हणून तर उभा हाय तो," रघूशेठ म्हणाले. "आमच्या धंद्यात उलटा हाय. गिऱ्हाईकानं मावऱ्याचा वाटा घेतला की आमची बाई वर दोन बोंबील टाकते. आता गिऱ्हाईकानंच कोळणीला वर टाकायचा म्हणजे कमाल झाली!"

सगळे हसले. वेटरही हसला, पण हलला नाही. कमलाकांतांच्या हिशेबानं बक्षिशी बशीखाली पोचलेली होती. ती दुसऱ्यांदा द्यायची नव्हती, आणि पहिली दिली आहे हे जाहीर करणं तर घराण्यालाच सोडून झालं असतं. प्रितमनं सांगितल्याप्रमाणं खालचं बटण गुपचूप दाबायचं त्यांनी ठरवलं, आणि दाबलंही. ते बटण 'नको'चं नव्हतं. 'नको' त्याच्याही खाली, मुंगीच्या अक्षरांत होतं. यांनी दाबलं ते 'इतर रक्कम'.

पडदा कोरा झाला आणि आकडे मागू लागला. कोरा पडदा आकडे मागतो तेव्हा त्याला पिन हवा असतो, हे कमलाकांतांना बँकेनं वर्षानुवर्षं मेसेज पाठवून शिकवलं होतं. डाव्या हाताचा आडोसा करून त्यांनी चार आकडे दाबले. पडद्यानं पुन्हा आकडे मागितले. खात्री करून घेतात, बरंच आहे, असं म्हणत त्यांनी तेच आकडे पुन्हा दाबले. मशीन खूश होऊन कागद ओकू लागलं.

सुटलो, असं वाटून त्यांनी श्वास सोडला.

वेटरनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तो भिंतीपाशी गेला आणि तिथं शोभेला टांगलेली जहाजाची पितळी घंटा त्यानं जोरजोरात वाजवली.

"आयला, कुठं लागली बोट?" रघूशेठ ताडकन उभे राहिले.

"ब्लेस यू, सर!" वेटर तिथूनच ओरडला. "टेबल नंबर नौ! वन थाउजंड नाइन हंड्रेड एटी सेव्हन रुपीज टिप!"

सगळं हॉटेल टाळ्या वाजवू लागलं. कमलाकांतही अर्धवट वाजवू लागले. टेबल नऊ आपलंच, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"पप्पा!" ऋग्वेदाचा चेहरा पडला. "दोन हजार?"

"तेरा कमी," कमलाकांत म्हणाले.

"तेरा कमी का पण?" रघूशेठनी विचारलं. "शगुनाला लोक वर एक रुपया घालतात. तुमच्यात तेरा काढतात का?"

गुणवंतीबाईंना आकड्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी मांडीवरचा रुमाल घडी करून टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली.

"प्रितम, चल."

"आई, बस ना गं."

"बसून काय करू? तोंडानं चांगला म्हणाले तेव्हा मनात म्हटलं, असंल, पाहुण्यांसमोर बोलतात. पण ह्या मावऱ्यावर कोण एवढी बक्षिशी देतंय? ह्यांना खरंच आवडला रे तो! ऋग्वेदा सोन्यासारखी पोर हाय, पण उद्या बापाच्या घरून ही असली सुरमई घेऊन आली तर?"

ऋग्वेदाचे डोळे भरून आले. प्रितम आईकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. कमलाकांतांपुढं दोनच वाटा होत्या. गप्प बसलं तर दिलदार म्हणून टाळ्या मिळत होत्या आणि सोयरीक जात होती. बोललं तर मशीन कळत नाही, 'नको' दाबायला निघालो होतो आणि पाहुण्यांशी खोटं बोललो, ही तिन्ही पापं एकदम उघडी पडत होती.

वाट निवडायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

"एकोणीसशे सत्त्याऐंशी," शकूताई इतका वेळ पुटपुटत होत्या. "अहो, हे तर आपल्या लग्नाचं साल!"

"शकू, हळू."

"हळू का?"

"तो माझा पिन आहे."

टेबलावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. शेजारच्या टेबलावरच्यांनीही वळवल्या.

"म्हणजे," रघूशेठ सावकाश म्हणाले, "मशीन बक्षिशी मागत होता, आणि तुमी त्याला पिन दिला?"

"दोनदा," कमलाकांत म्हणाले. मग एवढं सांगितलंच आहे तर उरलेलंही सांगून टाकावं म्हणून ते गुणवंतीबाईंकडं वळले. "आणि बाई, ती सुरमई शिळी होती. पहिल्या घासाला कळलं मला. घरी आणली असती तर हिनं मलाच पिशवीसकट परत पाठवलं असतं. पण बोलावणं माझं, कसं म्हणणार? एक पैसा नव्हता द्यायचा मला त्या माशावर!"

गुणवंतीबाईंनी पर्स खाली ठेवली. मग त्या एकदम मोकळं हसल्या.

"अगो बाय! मग आधी नाय का सांगायचा? मी कवाधरनं तोच घास गालात घेऊन बसलेय!"

"माझ्यापण घशाखाली उतरली नव्हती," रघूशेठ म्हणाले. "आणि मशीनचं म्हणाल तर लाजू नका, साहेब. मी तर लाल बटण दाबून सगळाच कॅन्सल करतो. मग पोरगा भरतो."

"दर वेळी," प्रितम म्हणाला.

शकूताईंना मात्र यातलं काही ऐकू येत नव्हतं. "इतकी वर्षं पिन म्हणून लग्नाचं साल?" त्या नवऱ्याला विचारत होत्या. "आणि मला वाटायचं, तुम्हाला तारीखसुद्धा आठवत नाही."

तारीख कमलाकांतांना आठवत नव्हतीच. पण आज एका दिवसात आणखी कबुलीजबाब देणं त्यांना झेपलं नसतं.

पुढच्या रविवारी कोळीवाड्यात जेवण आणि तिथंच साखरपुड्याचा दिवस काढायचा, असं ठरलं. ऋग्वेदा नाक पुसत हसायला लागली. कमलाकांत हलक्या पावलांनी गल्ल्यापाशी गेले. मॅनेजर भला माणूस निघाला. त्यानं टिप रद्द करून दिली, वर माफीही मागितली.

"सर, जेवण तरी ठीक होतं ना?"

"मासे कुठून आणता हो?" कमलाकांतांनी सहज विचारलं.

"वरळी कोळीवाड्यातून, सर. सप्लायर आणून देतो. रघूशेठ म्हणून आहेत तिथले, त्यांच्याच बोटीचा माल. एकदम ताजा! दर बुधवारी येतो."

कमलाकांतांनी टेबलाकडं वळून पाहिलं. रघूशेठ सुरमईचा उरलेला तुकडा काट्यावर धरून पोराला शिळा मासा कसा ओळखायचा ते दाखवत होते.

"काय म्हणाला मॅनेजर?" परत आल्यावर शकूताईंनी विचारलं.

"काही नाही. टिप रद्द झाली."

बुधवारी आलेला मासा, आणि आज रविवार होता.