सुयोगचा जाहीर सत्कार

रविवारी पहाटे पेल्यात चमचा वाजला आणि मला जाग आली. अंधाऱ्या स्वयंपाकघरात माझा नवरा सुयोग मीठ-साखरेचं पाणी ढवळत होता. स्वरदा उठू नये म्हणून त्याने पेला टॉवेलात गुंडाळला होता, तरी वाजायचा तो वाजलाच.

"झोप तू," तो कुजबुजला. "मी येईन तेव्हा फक्त गेटवर उभ्या राहा दोघी. लांबून एकमेकांना हात केला तरी पुरे. आणि मला थांबवू देऊ नकोस कोणाला. थांबलो की पाय आखडतात माझे."

"नाही रे थांबवणार कोणी," मी म्हटलं.

मागच्या वर्षी आमच्याकडच्या या मॅरेथॉनमध्ये सुयोगला बसने उचललं होतं. ही बस सगळ्यांच्या मागून येते आणि रस्ता मोकळा करायची वेळ झाली की रेंगाळलेल्यांना गोळा करते. बसमध्ये पंखा असतो, बिस्किटं असतात, पदक नसतं. म्हणून यंदा तो वर्षभर पहाटे उठून मुलुंड ते कांजूरमार्ग पळाला. कांजूरला कचऱ्याचा वास सुरू झाला की श्वास रोखून पळायचा. त्याचा सर्वांत चांगला वेग तिथलाच आहे. पदक पाच वर्षांच्या स्वरदाच्या गळ्यात पडणार, हे बापलेकीचं ठरलेलं होतं.

यंदा मार्गाचा शेवटचा टप्पा आमच्या नीलमोहर सोसायटीच्या गेटसमोरून जाणार होता. म्हणून मी सेक्रेटरी राणेकाकांना आधीच सांगायला गेले होते, की रविवारी गेटसमोर गाड्या नकोत, आम्हाला सुयोगला हात करायचाय.

राणेकाकांनी चष्मा काढला. "अक्षता, हे असं सुटं सुटं प्रोत्साहन बरं दिसत नाही गं. उद्या दुसऱ्या विंगमधलं कोणी पळालं तर? संस्थेतर्फेच होऊ दे."

प्रोत्साहन संस्थेतर्फे द्यायचं म्हणजे आधी समिती आली. समिती झाल्यावर बॅनर आला. बॅनरवर अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि समस्त सल्लागार हात जोडून उभे होते. सुयोगचा फोटो खाली कोपऱ्यात, छपाईवाल्याच्या मोबाईल नंबरशेजारी. त्याच रविवारी महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. मंडळाच्या जयंतीताईंनी दोन्ही कार्यक्रम एकाच मांडवात घ्यायचं सुचवलं, म्हणजे खुर्च्यांचं भाडं एकदाच. हळदीकुंकू तिथेच, तर धावपटूचं औक्षणही तिथेच. औक्षण आहे तर शाल-श्रीफळ हवं. आणि शाल-श्रीफळ काय राणेकाकांच्या हस्ते देणार? प्रमुख पाहुणे ठरले.

"पण काका, तो पळत असेल," मी म्हटलं.

"मग काय झालं? आपल्यासमोर थांबेल."

"थांबून नाही चालत. मागे बस असते."

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे. पळत्या माणसाला शाल घालता येते का, तूच सांग. उद्या गळफास लागला तर जबाबदार कोण? संस्था."

मी मान डोलावली. संस्थेची जबाबदारी निघाली की आमच्याकडे सगळेच मान डोलावतात.

रविवारी गेटसमोर मांडव होता, त्यात स्टेज आणि स्टेजवर सिंहासनासारखी खुर्ची. मला काठापदराची साडी नेसायला लावून पहिल्या रांगेत बसवलं. पुढचे धावपटू भराभर निघून गेले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण ते आपल्या सोसायटीचे नव्हते. तेवढ्यात स्वरदा ओरडली, "बाबा आला."

लाल चेहऱ्याने, पण छान पळत येत होता. बस पार मागच्या सिग्नलला होती. आम्हाला बघून त्याने हात वर केला आणि हसला. तेवढ्यात समितीने हात धरून रस्त्यात साखळी केली.

"सत्कारमूर्तींचं आगमन झालेलं आहे," राणेकाका माइकवर म्हणाले. "पाहुणे निघालेले आहेत. तोवर सत्कारमूर्तींनी आसनस्थ व्हावं."

"काका, सोडा ना यार. दोन किलोमीटर राहिलेत फक्त," सुयोग जागच्या जागी पळत म्हणाला.

"सत्कारमूर्तींनी स्थिर राहावं. फोटो हलतोय."

जयंतीताईंनी निरांजनाचं तबक माझ्या हातात दिलं. पहिला मान बायकोचा. मी ओवाळायला पुढे झाले, तर त्याच्या धापेने निरांजन विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं.

"सुयोग, जरा श्वास रोखून धर बाबा," जयंतीताई म्हणाल्या. "अपशकुन होतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "अक्षता, तू तरी सोड ना गं. तू बाजूला झालीस तर जातो मी."

माझ्या मागे अख्खं महिला मंडळ, समोर मोबाईलचे कॅमेरे. "एकच मिनिट," मी म्हटलं. "सगळे बघतायत रे."

तो पळायचा थांबला. श्वास रोखून धरला. निरांजन नीट तेवलं.

मग पाहुणे आले. आजच्या धावत्या युगात कोणाला कोणासाठी थांबायला वेळ नाही, याबद्दल त्यांनी सविस्तर खंत व्यक्त केली. प्रास्ताविक त्यांचं हुकलं होतं, म्हणून ते पुन्हा झालं. शाल घातली गेली, नारळ दिला गेला, आणि फोटोत नारळ नीट आला नाही म्हणून परत घेऊन पुन्हा दिला गेला. तोवर बस येऊन मांडवामागे उभी राहिली होती. समितीने बसमधल्या अधिकाऱ्यांना गुलाबपुष्प दिलं. ते भारावले. "अहो, आमचा सत्कार कोणी करत नाही," म्हणाले, आणि सुयोगसाठी स्वतः बसचं दार उघडून धरलं.

सुयोगचे पाय आखडले होते. दोघांनी त्याला धरून पायरीवर चढवलं. खिडकीत तो बसला, अंगावर शाल, मांडीवर नारळ. त्याने आम्हाला हात केला, कारण सकाळी तसं ठरलं होतं.

"सुयोगच्या आजच्या वाटचालीत संस्थेचा सिंहाचा वाटा आहे," राणेकाका आभार मानत होते. "जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या जोरदार झाल्या. मीही वाजवल्या. माइकवरून सांगितल्यावर हात कसे आपोआप जुळतात, ते तुम्हाला मी काय सांगायचं. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या मांडवात पहिल्या रांगेत बसला असालच.

फक्त स्वरदाने वाजवल्या नाहीत. बस वळेपर्यंत ती बघत राहिली. मग माझ्या साडीचा काठ ओढला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं,

"आई, बाबा तुला सोड म्हणाला होता ना? मग तू का नाही सोडलंस?"